अंगवळण: घरातल्या कपड्या-बुटांच्या सवयींच्या नोंदी

४ जानेवारी

मागच्या आठवड्यात बाबा जिन्यात अडखळले. शेवटच्या तीन पायऱ्या उरल्या होत्या आणि कठडा हाताशी होता, म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावलं. पायातला बूट मात्र वरच्या पायरीवरच राहिला. तो उचलून आणताना मी पहिल्यांदा नीट पाहिला. टाचेमागची बाजू, जी ताठ उभी असायला हवी, ती आत दुमडून पार सपाट झाली होती. लेस बांधलेलीच. म्हणजे बाबा बूट घालत नाहीत, चपलेसारखा पायात सरकवतात आणि टाच त्या दुमडलेल्या भागावर टेकवून चालतात. वयस्कर माणसासाठी मागून सैल असलेलं पायताण किती धोक्याचं, हे मला वाचून माहीत होतं. ते माझ्याच घरात, रोज डोळ्यांसमोर चाललं होतं.

सगळ्यांनी त्यांना एकेकदा सुनावलं. मीही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि संध्याकाळी फिरायला जाताना पुन्हा तसेच निघाले.

दहा आठवडे नोंदी ठेवायच्या ठरवल्या आहेत. घरात आम्ही चौघं: बाबा (वय ७४), नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि मी. नियम दोनच. कोणाला टोकायचं नाही. आणि कोण काय सांगतं ते नाही, प्रत्यक्ष काय दिसतं ते लिहायचं. बदलायची आहे ती एकच सवय, बाबांच्या बुटांची. पण ती सुटी अशी कळेल असं वाटत नाही. कपडे आणि बूट हे सगळंच आपल्या अंगवळणी कसं पडतं, ते आधी बघायचं आहे.

५ जानेवारी

सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: मोजा आधी कोणत्या पायात घालता? बाबा म्हणाले उजव्या. नवरा म्हणाला उजव्या. मुलाने आधी पाय हवेत हलवून पाहिले आणि मग म्हणाला, "माहीत नाही." मी माझ्या वहीत माझ्यासाठी "उजवा" लिहिलं.

मग पाहिलं. बाबा उजवा, बरोबर. नवरा डावा. मी डावा. मुलगा डावा.

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये नेमकं हेच उदाहरण दिलं होतं. मोजा, बूट किंवा पॅन्टचा पाय, यातलं आधी काय चढवतो हे फारच थोड्या लोकांना चटकन सांगता येतं, असं त्याचं म्हणणं. मनातल्या मनात ती कृती करून पाहावी लागते, आणि बहुतेकदा तेही पुरत नाही, प्रत्यक्षच करावी लागते. आमच्या घरात चारपैकी दोघांनी ठामपणे चुकीचं उत्तर दिलं आणि एकाला सांगताच आलं नाही. मग बाबांना "तुम्ही बूट असा का घालता?" असं दहा वेळा विचारून मला काय उत्तर मिळणार होतं? त्यांच्या पायाला ते माहीत आहे, बाबांना नाही.

८ जानेवारी

घरातले वापरातले सगळे बूट-चपला वर्तमानपत्रावर उलट्या करून मांडल्या. एकूण नऊ जोड. तळ पुसून घेतले आणि खिडकीच्या उजेडात एकेक पाहिला.

बहुतेक सगळ्यांची टाच बाहेरच्या कडेला, मागच्या कोपऱ्यात जास्त झिजलेली आहे. यात काळजीचं काही नाही. चालताना टाचेचा तोच कोपरा बहुधा आधी जमिनीला टेकतो, मग वजन पुढे आणि आतल्या बाजूला सरकत अंगठ्याकडे जातं. नवऱ्याच्या उजव्या बुटाची टाच मात्र मागून, तळाच्याही वर, घासून खरखरीत झाली आहे. डावी तशी नाही. थोडा विचार केल्यावर उलगडा झाला. गाडी चालवताना उजवी टाच खाली टेकवून तो पाऊल एका पेडलवरून दुसऱ्यावर फिरवतो. मुलाच्या दोन्ही बुटांचं नाक घासलेलं आहे, कारण सायकल थांबवायला तो ब्रेक दाबत नाही, पाय घासतो. हे मी नोंदवून सोडून देणार नाही. त्याच्या सायकलचे ब्रेक आज तपासले, मागचा खरोखरच सैल होता.

बाबांचा जोड सगळ्यात शेवटी घेतला. टाचेच्या आतलं अस्तर फाटून त्यातला पुठ्ठ्यासारखा कडक तुकडा बाहेर आला आहे, आणि तो मधोमध मोडलेला आहे. दुमडीवर रोज टाच पडून पडून कातडं काचेसारखं गुळगुळीत झालं आहे. लेसच्या गाठीवर धूळ इतकी बसली आहे की गाठ सोडलेली नाही याला वर्ष तरी झालं असावं. नखाने प्रयत्न केला. सुटली नाही. सुरगाठीची निरगाठ झाली होती.

११ जानेवारी

आज कपडे. माझ्या तीन शर्टांच्या उजव्या खांद्यावर कापडाला बारीक गोळे आलेत, डावा खांदा नव्यासारखा. बॅग मी नेहमी उजव्याच खांद्याला अडकवते. ठरवून डाव्या खांद्याला अडकवली, तर चाळीस पावलांत ती खाली घसरली. डावा खांदा तिला धरून ठेवायला शिकलेलाच नाही.

नवऱ्याच्या मागच्या खिशावर पाकिटाचा चौकोन उमटला आहे, कडा विरल्या आहेत. त्याच पाकिटावर तो दिवसभर बसतो. कंबर एका बाजूने उचललेली राहते, मांडीमागच्या नसेवर दाब येतो, हे त्याला सांगण्याची खूप इच्छा झाली. टोकायचं नाही हा माझाच नियम.

बाबा शर्टाची बटणं खालून वर लावतात. खालचं बटण आणि काज डोळ्यांसमोर जुळवून घेतलं की पुढचं चुकत नाही. त्यांची बटणं वर-खाली लागलेली मी आयुष्यात कधी पाहिलेली नाहीत. ही सवय त्यांना कुणी शिकवली होती का, ते विचारलं. "शिकवायचं काय त्यात?" एवढंच म्हणाले.

१२ जानेवारी

नवऱ्याचे अकरा शर्ट आहेत, पण घालतो तो फक्त चार. मला वाटायचं की ते चार त्याचे आवडते. आज कपाट लावताना कारण हातात आलं. धुवून-इस्त्री होऊन आलेले शर्ट मी गठ्ठ्याच्या वर ठेवते, आणि तो वरचाच उचलतो. खालचे सात कधी वर येतच नाहीत. या चारांच्या कॉलरी विरायला लागल्या आहेत आणि त्या सातांच्या घड्यांवर पिवळसर रेघ पडली आहे. त्याची आवड म्हणून आम्ही जे धरून चाललो होतो, ती माझ्या हाताची सवय होती आणि त्याच्या हाताची सवय होती, एकावर एक बसलेली.

आजपासून धुतलेले शर्ट गठ्ठ्याच्या तळाशी ठेवायचे. त्याला काहीच सांगितलेलं नाही.

१९ जानेवारी

आठवडा झाला. सहा वेगवेगळे शर्ट घातले गेले. त्याच्या लक्षातही आलेलं नाही; एकदा फक्त म्हणाला, "हा शर्ट बऱ्याच दिवसांनी सापडला." म्हणजे माणसाला एक शब्द न बोलता, वस्तूची जागा हलवून सवय हलते. बाबांच्या बाबतीत बोलून पाहून झालंच आहे.

२० जानेवारी

बुटाच्या लेसवर आज अर्धा दिवस गेला, आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही.

माझी लेस दिवसातून दोनदा तरी सुटते. लेसच गुळगुळीत आहे, अशी माझी समजूत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये यावर काम केलं होतं. धावणाऱ्या पायाचं स्लो मोशन चित्रीकरण करून त्यांनी दाखवलं की पाऊल जमिनीवर आदळतं तेव्हाचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट असतो. त्या धक्क्याने गाठ ताणली जाते आणि सैल पडते. त्याच वेळी पाय पुढे-मागे झुलताना लेसची मोकळी टोकं फटके मारतात, जणू कोणीतरी ती ओढतंय. गाठ बराच वेळ टिकते आणि मग दोन-चार पावलांत एकदम सुटते. म्हणूनच ती सुटताना आपल्याला कधी कळत नाही.

पण सगळ्या गाठी सारख्या नसतात. लेस बांधताना आपण दोन अर्ध्या गाठी मारतो: आधी एक साधा वेढा, मग त्यावर दोन कानांची सुरगाठ. दोन्ही वेढे एकाच दिशेने घेतले तर गाठ कच्ची होते, तिला ग्रॅनी नॉट म्हणतात. एक वेढा एका दिशेने आणि दुसरा उलट दिशेने घेतला तर ती रीफ नॉट होते, आणि ती कितीतरी जास्त टिकते. ओळखायची खूण सोपी आहे. गाठीचे दोन कान बुटावर आडवे पसरले तर गाठ पक्की. कान फिरून बुटाच्या लांबीत उभे झाले, एक बोटांकडे आणि एक घोट्याकडे, तर कच्ची.

माझे कान उभे होते. दोन्ही बुटांवर. लहानपणी शिकले तेव्हापासून मी चुकीची गाठ मारत आले आहे. उपाय एवढाच की पहिला वेढा उलटा घ्यायचा, डावी लेस उजवीवरून जात असेल तर उजवी डावीवरून. पुढची सुरगाठ आहे तशीच राहू द्यायची.

हात ऐकेनात. पहिला वेढा उलटा घेतला की सुरगाठीच्या वेळी बोटं आपोआप थबकतात, लेस कोणत्या हातात होती तेच विसरतं. मुलगा शेजारी बसून बघत होता. त्याला दाखवलं, त्याला दोनदा करून जमलं.

लेस भोकांतून ओवण्याबद्दलही वाचलं. बुर्कार्ड पोल्स्टर या गणितज्ञाने २००२ मध्ये सिद्ध केलं की बूट घट्ट आवळायला नेहमीची फुल्यांची ओवणी किंवा सरळ आडव्या पट्ट्यांची ओवणी, याच दोन सगळ्यात चांगल्या. गणित न करता, नुसत्या वापरातून माणसांनी या पद्धती केव्हाच धरल्या होत्या. सगळ्याच सवयी चुकीच्या नसतात, हे मला बाबांशी बोलताना लक्षात ठेवायला हवं.

२३ जानेवारी

तीन दिवसांत लेस एकदाच सुटली, तीही घाईत जुन्याच पद्धतीने बांधली होती म्हणून.

२९ जानेवारी

बाबांना एका समारंभाला जायचं होतं. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांनी खोकं काढलं. आत कागदात गुंडाळलेले चांगले काळे बूट, फार तर पाच-सहा वेळा घातलेले. खास दिवसासाठी जपून ठेवायचे, ही त्यांची जुनी पद्धत. दारापर्यंत चालत गेले आणि मागे फरशीवर काळे तुकडे पडत गेले. तळाला हात लावला तर तो भिजलेल्या बिस्किटासारखा चुरला. वरचं कातडं मात्र आरशासारखं चकचकीत.

हा तळ पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटत जातात, त्याला जलविघटन म्हणतात. बूट वापरला नाही म्हणून ते थांबत नाही. खोक्यात ठेवलेला बूट कोणी न बघता आतून म्हातारा होत राहतो.

बाबा खुर्चीवर बसले आणि बराच वेळ तो तुकडा बोटांत चुरत राहिले. "मी जपला होता गं," म्हणाले. मला फार वाईट वाटलं. शेवटी ते रोजच्याच मोडक्या जोडात गेले.

रात्री परत आल्यावर मी पहिल्यांदाच टोकण्यासाठी नाही, जाणून घेण्यासाठी विचारलं, "बाबा, लेस सोडायचा कंटाळा येतो का?"

"कंटाळा नाही. वाकलं की डोकं गरगरतं. आणि ही बोटं बघ." त्यांनी हात पुढे केला. अंगठ्याचा सांधा सुजलेला होता. "गाठ सुटली तर पुन्हा बांधता यायला नको का?"

इतके दिवस मी याला आळस समजत होते.

२ फेब्रुवारी

आज सकाळी फक्त बघत बसले. बाबा बूट घालतात ती जागा म्हणजे दाराजवळचा रॅक. तिथे बसायला काहीही नाही. डावा हात भिंतीवर टेकवून ते उभे राहतात, उजवा पाय बुटात ढकलतात, टाच अडते, तेव्हा दोनदा खाली दाबतात आणि टाचेची भिंत खाली बसते. मग डावा. सगळं मिळून अकरा सेकंद. एक हात भिंतीवर आणि एका पायावर उभं राहून दुसरं काय करता येणार? त्या जागेत त्यांच्या शरीराला जे शक्य होतं तेच ते करत होते.

रॅकच्या शेजारी हात असलेली खुर्ची आणून ठेवली.

संध्याकाळी त्यांचे पाय मापले. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. कागदावर उभं केलं, दोन्ही पायांवर सारखं वजन, पेन्सिल सरळ धरून रेघ मारली. उजवा २६८ मिलिमीटर, डावा २६३. दोन पाय अगदी सारखे नसणं हे बहुतेकांच्या बाबतीत असतं, पण बाबांना ते ठाऊक नव्हतं. "तीस वर्षं मी एकच नंबर घेतोय," म्हणाले.

एका पावलात २६ हाडं, दोन्ही मिळून ५२. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या २०६ हाडांपैकी एक चतुर्थांश फक्त पावलांत. त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध वयाबरोबर सैल होतात, कमान थोडी बसते, पाऊल लांबतं आणि रुंदावतं. नंबर मात्र आपण पाठ केलेला असतो, फोन नंबरसारखा. जुन्या बुटाचा आतला तळ काढून बाबांच्या पावलाच्या रेघेवर ठेवला. रेघ तळाच्या बाहेर, चवड्याशी दोन्ही बाजूंनी पाव इंच. टाच आत जातच नव्हती, कारण तिला जागाच नव्हती.

इंग्लिश पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत दोन तृतीयांश सेंटिमीटर. आता घेऊ ते मोठ्या पायाच्या मापाने, म्हणजे उजव्याच्या, आणि पुढे बोटभर जागा सोडून.

७ फेब्रुवारी

नवा जोड आला. रुंद, टाचेची भिंत चांगली ताठ, वर दोन व्हेल्क्रोच्या पट्ट्या. बाबांनी पट्ट्या पाहिल्या आणि तोंड फिरवलं. "हे लहान मुलांचे."

मी वाद घातला नाही. बाबांनी आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली, तेव्हा भिंग आणून दिलं आणि पट्टी त्यांच्या हातात ठेवली. एका बाजूला बारीक हुक, दुसऱ्या बाजूला दोऱ्याचे फासे. जॉर्ज द मेस्त्राल हा स्विस अभियंता १९४१ मध्ये कुत्र्याला घेऊन फिरून आला, आणि कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्यातून ही कल्पना निघाली. एवढं सांगितलं. बाबांनी पट्टी कानाजवळ धरून चार वेळा उघडली, मिटली. "ओढ आडवी लागली तर धरतं, वर उचललं तर सोडतं," म्हणाले. मग बूट पायात घातला. बसून. टाच आत गेली.

लांब दांड्याचा शूहॉर्न, म्हणजे टाच बुटात सरकवायची पट्टी, रॅकला हुक लावून टांगला आहे, खुर्चीवर बसल्यावर हात पोचेल असा.

१२ फेब्रुवारी

मला घाई झाली आहे, ती आवरायला हवी. लंडनमधल्या एका विद्यापीठात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला होता, तो २०१० मध्ये छापून आला. नवी कृती आपोआप घडू लागायला साधारण ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरतील, कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला तर त्याने फारसं बिघडलं नाही. हे शेवटचं वाक्य मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं.

पाच दिवसांत बाबा चार वेळा बसून बूट घालून गेले.

२० फेब्रुवारी

आज दारावर बेल वाजली आणि बाबा घाईने उठले. उभ्यानेच पाय ढकलला, टाच दोनदा दाबली, अगदी जुन्या तालात. भिंत ताठ असल्यामुळे दबली नाही, पाय थांबला. ते क्षणभर बुटाकडे बघत राहिले, मग खुर्चीवर बसले.

वेंडी वुड ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांच्या दैनंदिन नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ४३ टक्के कृती रोज जवळपास त्याच जागी, बहुधा मनात दुसराच विचार चालू असताना होत होत्या. जागाच इशारा देते. आमच्या दाराजवळ अजून तो जुना जोड रॅकच्या खालच्या खणात होता आणि तोही इशाराच देत होता. मी तो विचारून हलवला. बाबा म्हणाले, "टाकू नकोस." टाकला नाही, त्यांच्या कपाटात ठेवला.

१ मार्च

नवऱ्याने आपणहून पाकीट पुढच्या खिशात ठेवायला सुरुवात केली आहे. ही वही त्याने वाचली असावी.

बॅग आता मी दिवसाआड डाव्या खांद्याला घेते. अजून घसरते, पण चाळीस पावलांत नाही.

१० मार्च

सकाळी खाली उतरताना सहज बुटाकडे लक्ष गेलं. लेसचे कान आडवे होते. बांधताना मी मुलाच्या परीक्षेचा विचार करत होते, हाताकडे पाहिलंही नव्हतं. वीस जानेवारीपासून मोजले तर आज पन्नासावा दिवस.

१५ मार्च

बाबांचा नवा जोड आज उलटा करून पाहिला. छत्तीस दिवस वापर. टाचेची भिंत आतून-बाहेरून सरळ, अस्तराला एकही सुरकुती नाही. तळाच्या बाहेरच्या कोपऱ्यात झीज दिसू लागली आहे, दोन्ही पायांची सारखी; म्हणजे चालताना ते पाय फरफटवत नाहीत, नीट टेकवतात. माझ्या नोंदीप्रमाणे छत्तीसपैकी एकतीस दिवस ते बसून बूट घालून गेले.

डाव्या बुटाच्या टाचेमागे मात्र बाहेरून एक पांढरट ओरखडा आहे, रुपयाएवढा. उजव्याला नाही. संध्याकाळी ते फिरून आल्यावर लपून पाहिलं. बूट काढताना ते बसत नाहीत. उजव्या बुटाच्या नाकाने डाव्याची टाच दाबून धरतात आणि पाय ओढून काढतात. उजवा मग हाताने. काढण्याकडे मी दहा आठवड्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. आत शिरल्यावर खुर्ची दाराच्या पाठीमागे पडते, दार उघडं असताना ती दिसतच नाही.

उद्या खुर्ची रॅकच्या दुसऱ्या बाजूला ठेवायची आहे.